कुटारातलं अंडं

आर्वीहून रोहण्याला निघालेल्या एस.टी.त त्या दिवशी वच्छलाच्या मांडीवर छबी झोपली होती. छबी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली, मेहुण्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि तेव्हापासून छबीची आई म्हणजे मावशीच. गोवर येऊन गेल्यापासून पोर काही सावरत नव्हती. आर्वीच्या डॉक्टरनं दिलेली लाल औषधाची बाटली वच्छलानं पिशवीत घट्ट धरली होती, आणि तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली.

शेजारी दांडा धरून एक तरुण उभा होता. त्याच्या हातात भुशानं भरलेली टोपली होती. टोपलीतून काहीतरी पांढरं उडालं आणि नेमकं वच्छलाच्या नव्या पातळावर पडून — फुटलं.

दुसरी कुणी असती तर ओरडली असती, चार शब्द सुनावले असते. वच्छलाचा श्वासच अडकला. रूपरावांची मुलगी ती! बाप रूपराव माळकरी, आई देवकाबाई माळकरी. त्या घरात अंड्याचं नावही कुणी घेत नसे. घ्यायचीच वेळ आली तर ‘ते पांढरं’ म्हणत. आणि आता ते पांढरं, आणि त्यातलं पिवळंही, तिच्या निऱ्यांवरून सावकाश खाली ओघळत होतं.

नशीब म्हणजे गाडी तापली. नाल्याजवळच्या हातपंपापाशी ड्रायव्हरनं ती उभी केली आणि पाणी भरायला उतरला. तो तरुण त्याच्याही आधी उतरून पंपाचा दांडा हाणू लागला.

“चुकलं जी माहं. या, धुऊन घ्या लवकर.”

वच्छला निऱ्या चोळत होती. “घरी काय सांगू आता?”

“सांगजा, दही सांडलं.”

“पिवळं दही?”

“मंग... हळद?”

इतक्या भीतीतही तिला हसू आलं. ते लपवायला तिनं मान खाली घातली, पण त्यानं पाहिलंच. मग तिनं उगाच कडक आवाज काढला, “नाव काय जी तुमचं?”

“श्रावण.”

“श्रावण! अन् टोपलीत हे?”

“नाव बापानं ठेवलं, टोपली सरकारनं देल्ली,” तो म्हणाला. पंचायत समितीच्या आहार योजनेत तो नुकताच लागला होता, मूळचा हिंगणघाटकडचा. रोहण्याच्या बालवाडीतल्या मुलांना अंडी खाऊ घालायची आणि गावाला कोंबड्या पाळायला शिकवायच्या, हे त्याचं काम. “तुमच्याच गावात राह्यणार आता मी. रोज एक पातळ खराब करीन.”

“मंग रोज पंप हाना लागन.”

असं बोलणं चाललं होतं. पातळ पिळायला तिला दोन्ही हात हवे होते, म्हणून छबीला त्यानं घेतलं. आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

तो छबीच्या पावलांकडे बघत होता. पोरीचे हात काडीसारखे, आणि पावलं मात्र टम्म. त्यानं अंगठ्यानं हलकेच दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. केस तांबूस, विरळ झालेले. छबी रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली.

“गोवर झालता काय हिले?”

“झालता. काऊन?”

“अंगात प्रोटीन नाई राह्यलं हिच्या. औषधानं नाई होत हे, बाई. रोज एक अंडं द्या हिले. नाईतं...”

तो थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“नाईतं काय?” वच्छलानं विचारलं.

त्यानं छबीला तिच्या हातात दिलं, आणि रोहणा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. तो एक अर्धा शब्द वच्छलाच्या छातीत जाऊन बसला, तो बसलाच.

घरी हळदीची थाप मारायची वेळच आली नाही. देवकाबाईंचं पातळाकडे लक्षही गेलं नाही. त्या छबीची पेज निववत होत्या. तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ... बस. दिवाळी होऊन गेली, कापूस फुटला, तरी छबीचं परहेज सुटलं नव्हतं. गोवरात डाळ वातूळ, तेल बाधतं, भाकर जड, शेंगदाण्यानं खोकला होतो! मध्ये एकदा वरणाचं पाणी दिलं आणि नेमकं त्याच दिवशी पोरीला जुलाब झाले. तेव्हापासून देवकाबाईंनी धसकाच घेतला होता. एक लेक त्यांच्या हातांवर गेली होती. नात त्यांना जाऊ द्यायची नव्हती. म्हणून पेज, आणि पेज पचत नाहीसं वाटलं की आणखी पातळ पेज.

“माय,” वच्छला भीत भीत म्हणाली, “थोडं दुसरं काई देऊन पाह्यलं तं?”

“काय देतं? पोट बिघडलं तं तू निस्तरशीन? मले पुन्हा तो दिवस नाई पाह्याचा, वच्छे.”

वच्छलानं पेजेची वाटी उचलली आणि छबीला भरवायला बसली.

इकडे ग्रामपंचायतीमागे श्रावणच्या पांढऱ्या विलायती कोंबड्या आल्या. सारा गाव त्या बघायला लोटला. माळकऱ्यांनी मात्र ती गल्ली टाकली. वच्छलानं टाकली नाही. तिनं पाण्याची विहीर बदलली.

“जवळची विहीर आटली काय जी?” श्रावण कुंपणाच्या जाळीमागून विचारी.

“तिचं पानी खारं हाये.”

“मी तं काल पेलो. गोड होतं.”

“तुमच्या तोंडाले चवच नाई. खाता काय... थे पांढरं!”

तो हसे. तिच्या घागरीवरून पाणी सांडे, ती पदर सावरी, आणि तो पटकन दुसरीकडे बघे. बघितलं नाही असं दाखवण्यात तो फारच कच्चा होता. पण दर वेळी ती निघताना तो एकच विचारायचा, “कशी हाये छबी?”

“तशीच.”

आणि त्याचा चेहरा उतरे. तोंडदेखलं नव्हतं ते, खरोखर उतरे. वच्छलाचं मन तिथेच गेलं. आपल्या पोरीसाठी आपल्याइतकंच भिणारं जगात आणखी कुणीतरी आहे, हे कळल्यावर त्या माणसावर प्रेम करायचं नाही तर काय करायचं? पण ते सुख तिला धड भोगता येईना. रोज सकाळी उठल्याबरोबर ती आधी छबीच्या नाकापाशी हात धरून बघायची.

“आमच्या घरी तुरीचे पोते भरले हायेत,” एकदा ती त्याला म्हणाली. “हरभरा हाये, मूग हाये, भुईमूग हाये. माही म्हैस आटली, पन बाकी काई कमी नाई. त्यातलं काईच कामाचं नाई काय?”

“डाळीत दम नाई, वच्छलाबाई. मले शिकवलंच हाये तसं. खरं प्रोटीन अंड्यात, मटनात. डाळ म्हंजे आपली मनाची समजूत.” त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात ठेवलं. बोटांना बोटं लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. “उकडून द्या. कोनाले सांगू नका. माही शपथ हाये.”

रुमालात अंडं होतं. कोमट. वच्छला घरी गेली ती जणू निखारा पदरात बांधून.

दुपार झाली. देवकाबाई कापूस वेचायला गेलेल्या, रूपराव आर्वीच्या बाजारात. वच्छलानं गोठ्यामागे तीन दगड मांडले, फुटक्या पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवलं. पाणी उकळेपर्यंत तिनं किती वेळा मागे वळून पाहिलं असेल, तिलाच माहीत. बैलानं शेपटी हलवली तरी दचकत होती. कवच सोललं. वास येताच तिनं नाकाला पदर लावला. तरी ती आत गेली, छबीपाशी बसली, तुकडा पोरीच्या ओठांपर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला.

बाबांच्या गळ्यातली माळ आठवली. मायचे भिजलेले डोळे आठवले. आणि सगळ्यावर तो शब्द — नाईतं... नाईतं...

तेवढ्यात फाटक वाजलं.

वच्छला उठली ती धावतच. गोठ्यात बैलांसाठी कुटार साठवलेलं होतं, तुरीच्या शेंगांचा तो भुसा. त्यात तिनं अंडं, टरफलं, सगळं कोपरापर्यंत हात घालून खुपसलं. बाहेर येऊन बघते तर फाटकाला शेजारची बकरी अंग घासत होती! भिंतीला टेकून ती कितीतरी वेळ नुसती धापा टाकत राहिली.

परत आत आली आणि उंबऱ्यातच खिळली. तिचं स्वतःचं जेवण ताटात झाकून ठेवलेलं होतं : वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर, वरून कच्च्या तेलाची धार. छबी पोटावर सरपटत ताटापर्यंत पोचली होती. झाकण बाजूला पडलं होतं. पोरीची मूठ तोंडात होती, कोपरापर्यंत वरण माखलं होतं, आणि ती खात होती. पेजेच्या वाटीकडून तोंड फिरवणारी छबी बकाबका खात होती.

हिसकावून घ्यायला हवं होतं. वच्छलानं घेतलं नाही. ती खाली बसली आणि पोरीला नीट, मऊ करून, घासाघासानं भरवू लागली. अंड्यापेक्षा हे पाप लहान, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. संध्याकाळभर ती छबीच्या पोटावरून हात फिरवत बसली. फुगलं का? दुखतं का? ओकते का? देवा, एवढ्यानं निभव... छबी गाढ झोपली. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मुगाचं घट्ट वरण दिलं. मग भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट, गूळ घालून. माय शेतातून यायच्या आत वाटी घासून पालथी. दिवस असे चोरटे जाऊ लागले. आणि एका सकाळी पेज पुढे आल्याबरोबर छबीनं वाटी उडवून दिली आणि भोकाड पसरलं. देवकाबाई घाबरल्या. वच्छलाला मात्र रडू आलं ते आनंदानं. किती दिवसांत या पोरीला रडण्याइतकी ताकदच नव्हती!

ती तशीच घागर घेऊन निघाली. कधी एकदा सांगते असं झालं होतं तिला.

“अंडं नाई देल्लं मी,” ती जाळीपाशी कुजबुजली. “वरन-भाकर देऊन राह्यली. लपून. जी, ती रडली आज...”

श्रावणचा चेहरा पांढरा पडला.

“वच्छला, तू तिले माराले निघाली काय?”

पहिल्यांदाच तो तिला ‘तू’ म्हणाला, आणि म्हणाला तेही हे!

“वरनानं काय होते? रडली म्हंजे पोट दुखत असन तिचं! म्या तुले सांगतलं होतं ना—”

“तुमी काय सांगतलं? अर्धच तं सांगतलं!” वच्छलाचा बांध फुटला. “नाईतं म्हनले अन् उगे राह्यले. त्या दिवसापासून झोपली नाई मी. सकाळी डोळे उघडाचं भेव लागते मले. तुमच्या त्या एका शब्दानं मीच मेली आधी!”

घागर न भरताच ती परतली. दुसऱ्या दिवशी जाळीपाशी श्रावण नव्हता. कोंबड्यांना पंचायतीचा शिपाई दाणे टाकत होता. “वर्ध्याले गेले साहेब. कदी येतीन काय माईत,” तो म्हणाला. वच्छलाला वाटलं, संपलं. बदली मागायला गेले असतील. आणि त्यांचं म्हणणंच खरं निघालं तर? आज रडणारी छबी उद्या पुन्हा गप्प झाली तर? कुणाला विचारायचं? घरात माय, बाहेर कुणीच नाही.

आणि त्यात ती सकाळ उजाडली. देवकाबाई बैलांना कुटार घालायला गेल्या, आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर टरफलं होती. आतलं अंडं एव्हाना मांजरानं नेलं असावं; पांढरी टरफलं तेवढी राहिली होती. वच्छला चुलीपाशी होती. तिच्या हातातली फुंकणी खाली पडली.

देवकाबाईंनी टरफलांकडे पाहिलं. अंगणात छबी बसली होती, स्वतःची स्वतः, भिंतीचा आधार न घेता, आणि शेजारून आलेल्या कोंबडीच्या पिलाला हाकलत होती. तिच्याकडे पाहिलं. मग वच्छलाकडे पाहिलं. नजरेत राग असता तर बरं झालं असतं. डोक्यावरून पदर घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या आणि पंचायतीच्या वाटेला लागल्या.

“माय! वो माय, आयक तं!”

छबीला कडेवर मारून वच्छला मागे धावली. आता सगळ्या गावासमोर बोभाटा. बाबांना कळणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. श्रावणची नोकरी जाईल. ते तर इथं नाहीतही... पण होते. सकाळची गाडी नुकतीच येऊन गेली होती, आणि श्रावण पिशवी खांद्याला लावून, दाढी वाढलेला, पंचायतीच्या पायरीपाशी पोचत होता. त्याच्या समोर जाऊन देवकाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मूठ उघडली. एका हातात टरफलं. आणि दुसऱ्या हातात, गळ्यातून उतरवलेली तुळशीची माळ.

“हे तूच देल्लं ना रे बापू?”

श्रावणनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “हो, माय.”

“मंग आनखी दे.”

वच्छलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“पोट्टी बसाले लागली माही,” देवकाबाईंचा आवाज कापत होता. “पायाची सूज उतरली. तुह्याच अंड्यानं. आता बंद नको करू. पाप लागन तं मले लागन, म्या माळ उतरवली. पन नात पायजे मले. रोज दे. म्या माह्या हातानं भरवतो.”

श्रावणला एक ‘हो’ म्हणायचं होतं, बस. माळकऱ्याच्या घरात अंडं गेलं, याहून मोठं काम त्या योजनेत कुणी केलं नसतं. त्यानं देवकाबाईंच्या हातातल्या माळेकडे पाहिलं, मग मागे उभ्या वच्छलाकडे.

“माय, छबीनं अंडं खाल्लंच नाई,” तो म्हणाला. “वच्छलाच्यानं भरवल्याच नाई गेलं. तिनं वरन-भाकर देल्ली. तेल, शेंगदाने. म्या रागावलो तिच्यावर. मले वाटलं, पोर जाते आता. म्हनून वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरीनबाईले जाऊन विचारलं. दोन दिवस बसून राह्यलो तिच्या दाराशी.”

“काय म्हनली थे?”

“माह्यावरच रागावली. म्हने, ज्वारीत जे कमी असते थे डाळीत असते, अन् डाळीत कमी असते थे ज्वारीत. दोन्ही पोटात गेले की अंगाले पुरते. वरतून तेल, शेंगदाने, अन् थोडं थोडं, घडीघडी. अंडं खानाऱ्याले अंडंबी चालते. पन अंडं नाई म्हनून पोर मरत नाई. मरते थे...” तो पुन्हा अडखळला. पण या वेळी त्यानं अर्धं सोडलं नाही. “नुसत्या पेजेनं मरते, माय. नातीले घेऊन या म्हनली, तपासून देतो.”

देवकाबाई पायरीवर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

“म्हंजे घरात पोते भरले होते,” त्या सावकाश म्हणाल्या, “अन् म्याच तिले उपाशी...”

“नाई वो, माय!” वच्छला त्यांच्यापाशी बसली. “तू भेलती. मी बी भेलती. हे बी भेलते. सारेच भेत होतो, अन् कोनी कोनाले सांगतच नोतं.”

छबी आजीच्या मांडीवर सरकली आणि हातातली टरफलं ओढू लागली. देवकाबाईंनी ती लांब फेकली, पोरीला छातीशी धरलं आणि मोकळेपणानं रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी माळ वच्छलापुढे धरली. वच्छलानं ती त्यांच्या गळ्यात घातली.

“उद्या छबीले वर्ध्याले न्याचं,” देवकाबाई उठत म्हणाल्या. मान वळवून त्यांनी श्रावणला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अन् तू रे? आमची नात. तुले काऊन येवढं भेव पडलं होतं?”

श्रावणच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वच्छला पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली.

देवकाबाईंनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. “हं,” एवढंच म्हणाल्या, आणि छबीला घेऊन चालू लागल्या. चार पावलं गेल्यावर, न वळता म्हणाल्या, “सांजच्याले जेवाले येजो. वरन-भाकरच भेटन. वच्छीच्या बाबाले मी सांगतो काय सांगाचं थे.”

गल्लीत दोघंच उरली. जाळीमागे कोंबड्या कलकलत होत्या.

“मी अंडे खातो, वच्छला,” तो कसाबसा म्हणाला.

“मी नाई खानार. रांधनार बी नाई.”

“नको रांधू. माहं मी उकडून घेत जाईन... गोठ्यामागं.”

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, “छबी माह्यासंगं येईन. तिले सोडून मी कुठीच नाई जानार.”

“तिच्याचसाठी तं दोन दिवस बसलो ना दाराशी. तू नुसतं हो म्हन. नाईतं...”

वच्छलाच्या छातीत चर्रकन झालं. सवयच झाली होती त्या शब्दाची. तिनं मान वर केली आणि या वेळी त्याला सुटू दिलं नाही.

“नाईतं काय? पुरं सांगा.”

“नाईतं मी आयुष्यभर या जाळीमागं उभा राहून विचारत राहीन... कशी हाये छबी, अन् कशी हाये छबीची मावशी?”

“बरी हाये,” वच्छला म्हणाली. “दोघीबी. आता बऱ्या हायेत.”

आणि त्या दिवशी तिनं घागर आणली नव्हती तरी ती त्याच्या बाजूनं लांबच्या विहिरीपर्यंत चालत गेली.